साडेपंचवीस कोट

आमच्या आत्याला स्वच्छतेचा भारी सोस. आठ दिवसांसाठी म्हणून ती आमच्याकडे आली आणि पहिल्याच दिवशी तिने दुकानाची काच धुतली. दुसऱ्या दिवशी शिलाई मशीन पुसताना त्यातलं तेलही पुसून टाकलं, ते मी गुपचूप पुन्हा घातलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दादा आणि मी चहा घेत होतो, तेवढ्यात ती घरातून दुकानात उघडणाऱ्या दाराने ओलं फडकं घेऊन आत शिरली आणि तिने कापड बेतायचं मोठं टेबल पुसलं. असं पुसलं की दादा दारात येऊन उभा राहिला आणि त्याच्या कपातला चहा बशीत, बशीतला पायावर गेला, तरी त्याला कळलं नाही.

आता टेबल पुसलं तर त्यात एवढं काय, असं कोणालाही वाटेल. आत्यालाही वाटलं. पण आमच्या दुकानात ऑर्डरची वही नाही. बाबांनी कधी ठेवली नाही, म्हणून दादाने ठेवली नाही. ऑर्डर आली की दादा टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात खडूने लिहितो, आणि माल गेला की तळहाताने पुसतो. मी त्याला आजवर निदान शंभरदा सांगितलं असेल की अरे बाबा, एक वही आण. तो म्हणतो, वही हरवते, टेबल हरवत नाही. हे त्याचं म्हणणं खरंच होतं, टेबल काही हरवलं नाही. जागच्या जागी होतं, ओलं आणि कोरं.

त्या कोपऱ्यात बँडची ऑर्डर लिहिलेली होती. तीस वादक. काहींना कोट, काहींना जाकिटं. किती कोट आणि किती जाकिटं, तेवढंच तिथे लिहिलं होतं आणि तेवढंच नेमकं कोणाला आठवत नव्हतं. ऑर्डर घेतली तेव्हा मी आतल्या खोलीत काजं करत होते. दादाला विचारलं तर तो डोळे मिटून म्हणाला, कोट जास्त होते. मग डोळे उघडून म्हणाला, बहुतेक.

"पुसलं म्हणून काय झालं, बाळ्या," आत्या म्हणाली. "पुन्हा लिही की."

दादा पंचावन्न वर्षांचा आहे. आत्या आली की त्याचा बाळ्या होतो.

मापांच्या चिठ्ठ्या मात्र शाबूत होत्या, भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेल्या, एक ते तीस. दादाला एवढं पक्कं आठवत होतं की आधी सगळे कोटवाले रांगेने आले आणि मग जाकीटवाले. म्हणजे कोट किती ते कळलं असतं, तर तेवढ्या चिठ्ठ्या वरून मोजून घ्यायच्या आणि बाकीच्या जाकिटांच्या. तुम्ही म्हणाल, जाकिटाला बाही नसते, ज्या चिठ्ठीवर बाहीचं माप नाही ती जाकिटाची. मीही तेच म्हटलं. पण आमचा दादा. बाबांनी त्याला शिकवलं होतं की माणूस हाती लागलाय तर पुरता मापून घ्यावा. दादा पँट शिवायला आलेल्याचाही गळा मापतो. त्याने तीसच्या तीस जणांच्या बाह्या मापल्या होत्या, त्याही दोन्ही हातांच्या वेगवेगळ्या. आणि चिठ्ठीवर नाव नाही, नुसता क्रमांक. माणूस दारात उभा राहिला की त्याला मापावरून ओळखतो म्हणे तो.

कापडावरूनही काही कळेना. कापड बँडवाल्यांनीच आणून टाकलेलं, दोन भले मोठे तागे, पन्नास कोट होतील एवढे.

मग सरळ बँडमास्तरला विचारावं ना. हे मी बोलले मात्र, दादाचा चेहरा पडला. तिथेच खरी गोम होती. ऑर्डर देताना त्या बँडमास्तरने बजावलं होतं की वहीत लिहून घ्या. त्याच्याकडे स्वतःची वही होती, कातडी पुठ्ठ्याची, आणि त्या वहीचा त्याला फार अभिमान. दादाला ते लागलं. तो सगळ्या बँडसमोर म्हणाला, "आजवर एका गिऱ्हाइकाला पुन्हा विचारायला गेलो नाही. तुम्हाला विचारायला आलो, तर ही कात्री बहिणीच्या हातात देईन."

तीस माणसं हसली. मी आतल्या खोलीत होते, हातात सुई होती, आणि मी सगळं ऐकलं.

आता माझं ऐका. आमच्या धंद्यात जो बेततो तो मास्तर, बाकीचे नुसते हात. मी सोळाव्या वर्षी या दुकानात बसले, त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. काजं, बटणं आणि तुरपाई, याच्यापुढे माझी मजल नाही. घरी माझे कपडे मीच बेतते आणि आजवर कोणाला नावं ठेवायला जागा मिळालेली नाही. दुकानात मात्र ती बाबांची मोठी कात्री, जिची एक मूठ काळी पडलीय, ती मी फक्त पुसायला हातात घेतलेली आहे. आजवर तीनदा मागितली. तिन्ही वेळा दादा म्हणाला, तुझ्यासारखी बटणं कोण लावणार. मला चढवायचं आणि माझं मागणं उडवून लावायचं, हे त्याला एकाच वाक्यात जमतं.

त्यातून ती तपासणी. कोटाला बटणं लावून झाली की मला बाहेर बसवून दादा तो कोट घेऊन आतल्या खोलीत जातो, दार लोटतो आणि पाच मिनिटांनी बाहेर येतो. आधी बाबा जायचे. बाबा गेल्यावर मला वाटलं, संपली एकदाची तपासणी. कुठली संपतेय. दादाने दुसऱ्याच दिवसापासून सुरू केली. अठ्ठावीस वर्षं माझं एक बटण कधी सैल निघालं नाही, आणि अठ्ठावीस वर्षं माझ्या बटणांवर दार लावून पहारा. या गोष्टीचा मला किती राग आहे ते मी कोणाला सांगितलेलं नाही, पण सुईला माहीत आहे.

तर दादा कोऱ्या टेबलासमोर डोकं धरून बसला होता. तीन आठवड्यांनी ट्रायल, आणि बेतणं आजच सुरू व्हायला हवं होतं. मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. तो दोन दिवस कुढला असता, मग मान खाली घालून बँडमास्तरकडे गेला असता, आणि बोलल्याप्रमाणे कात्री माझ्या हातात आली असती. पण कशी? शिक्षा म्हणून. तीस माणसं पुन्हा हसली असती. तशी कात्री मला नको होती.

"मी सांगते किती कोट," मी म्हटलं. "कोणाला न विचारता. बरोबर आलं तर कात्री माझी. चेष्टेत नाही, नीट द्यायची."

दादाने माझ्याकडे पाहिलं. "आणि चुकलं तर?"

"तर पुन्हा कधी मागणार नाही."

तो हो म्हणाला. दुसरं करणार काय होता.

शाळेत मला गणित यायचं. म्हणजे नुसतं यायचं नाही, आवडायचं, आणि हे मी तेव्हा कोणाला सांगत नसे, कारण बाकीच्या मुली बोलल्या नसत्या माझ्याशी. क्ष आणि य असलेली ती समीकरणांची जोडी, एकातून दुसरं वजा करायचं, एक अक्षर गळून पडतं आणि दुसरं आपली किंमत सांगतं. आमच्या गणिताच्या बाई म्हणायच्या, दोन गोष्टी माहीत नसतील तर दोन खऱ्या बातम्या आणा, भांडण मिटेल. मला त्या बाई आठवल्या आणि बातम्या शोधायला लागले.

पहिली बातमी खिळ्याला लटकत होती. कोट आणि जाकिटं मिळून तीस.

दुसरी बातमी फळीवर होती. बटणांचा खोका. कोटाला आणि जाकिटाला तीच पितळी बटणं, आणि दादाचा एक हट्ट आहे, बटणं मोजून आणायची, एक कमी नाही की एक जास्त नाही, आणि मलाही लागतील तेवढीच मोजून द्यायची. टेबलावर आकडे होते त्याच दिवशी तो ते आकडे बघून बटणं घेऊन आला होता. मी खोका टेबलावर ओतला आणि मोजली. दोनशे एक. पुन्हा मोजली, दोनशे एक. आत्या म्हणाली मी मोजते, तिने मोजली तर दोनशे भरली, कारण एक तिने काळं पडलंय म्हणून पुसायला बाजूला घेतलं होतं.

आणि कोटाला किती, जाकिटाला किती, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. अठ्ठावीस वर्षं मीच लावतेय. कोटाला पुढे तीन आणि दोन्ही बाह्यांवर दोन दोन, सात. जाकिटाला पाच.

मी खडू घेतला. कोट म्हणजे क्ष, जाकिटं म्हणजे य. टेबलाच्या कोपऱ्यात, जिथे दादा लिहितो तिथेच, मी दोन ओळी लिहिल्या. तोंडाने काही बोलले नाही, कारण दादाला काही समजावायला गेलं की तो मध्येच बाबांची गोष्ट काढतो. आता समजा तिसांनाही जाकिटंच घातली, तर पाचाप्रमाणे दीडशे बटणं गेली. हातात दोनशे एक, म्हणजे उरली एक्कावन्न. ही उरलेली कोटांमुळे. कोटाला जाकिटापेक्षा दोन जास्त. एक्कावन्नाला दोनाने भागलं.

मी खडू खाली ठेवला आणि पुन्हा उचलला. पुन्हा भागलं. एक्कावन्न तेवढेच राहिले आणि दोनही काही बदलले नाहीत.

"आलं का?" दादाने विचारलं.

"साडेपंचवीस कोट," मी म्हटलं. "आणि साडेचार जाकिटं."

मला वाटलं आता हा हसेल. मी त्याच्या हसण्याची तयारी करून बसले होते, उत्तरही तयार होतं. पण दादा हसला नाही. तो उठला, खिळ्यावरून चिठ्ठ्या काढल्या, वरून पंचवीस मोजून बाजूला ठेवल्या आणि सव्विसावी चिठ्ठी उजेडात धरली. बराच वेळ धरली. मग त्याचा चेहरा उजळला.

"हा व्हायोलिनवाला," तो म्हणाला. "बघ, उजवा हात डाव्यापेक्षा अर्धा इंच लांब. ओढून ओढून झालाय. तो म्हणाला होता मला, उजवा हात मोकळा पाहिजे."

मी म्हटलं, मग?

मग काय, म्हणे. डावीकडे कोट, उजवीकडे जाकीट. अर्धा अधिक अर्धं, एक माणूस. पंचवीस कोट, चार जाकिटं आणि एक हा, झाले तीस.

मला वाटलं हा माझी चेष्टा करतोय. पण नाही, दादाला गणितातलं काही कळत नाही आणि म्हणून त्याचा गणितावर फार विश्वास. मी लिहिलेले सात आणि पाच धरून तो बोटांवर हिशेब करायला लागला. पंचवीस कोटांची एकशे पंच्याहत्तर, चार जाकिटांची वीस, आणि या व्हायोलिनवाल्याला एका बाहीवर दोन आणि पुढे चार, सहा. एकूण दोनशे एक. बरोब्बर जमलं. आत्यासुद्धा म्हणाली, आजकाल काहीही फॅशन निघते.

आत्याने आणखी एक तोडगा काढला होता, की सगळ्यांना कोटच शिवा, कोणाला वाईट वाटायला नको. तर त्याला माझ्या हिशेबाने दोनशे दहा बटणं लागली असती आणि नऊ कमी पडली असती. शिवाय बँडमास्तरने वही काढून पुढे धरली असती. आत्या म्हणाली, मग बटणं कमी लावा.

खरं सांगते, माझा पाय त्या क्षणी घसरत होता. दादाला पटलं होतं. मी नुसती मान हलवली असती तरी कात्री माझी होती. त्याने व्हायोलिनवाल्याचा अर्धाकोट आखायला घेतलाही होता. पण डोळ्यांपुढे तो बिचारा दिसला, एक बाही असलेला, भर स्टेजवर, आणि त्याच्यामागे आमच्या दुकानाचं नाव. आणि बाई दिसल्या. बाई म्हणायच्या, माणसांच्या गणितात अर्धा माणूस आला तर गणिताला दोष देऊ नका, बातमी खोटी आहे.

कुठली बातमी खोटी? चिठ्ठ्या तीस, तीनदा मोजलेल्या. बटणं दोनशे एक. कोटाला सात, जाकिटाला पाच, त्यात खोटं काय असणार, माझ्याच बोटांनी लावलेली. मी खडूने टेबल ठोकत बसले. दादा समोर तागा उलगडून, जीभ बाहेर काढून, अर्ध्या कोटाची रेघ मारत होता. जीभ बाहेर म्हणजे काम मनासारखं चाललंय. मग त्याचा हात थांबला आणि त्याने मान वर केली.

"अर्ध्या कोटाला आतलं बटण लावायचं का गं?" त्याने विचारलं.

"कुठलं आतलं बटण?"

दादाची जीभ आत गेली.

मी पुन्हा विचारलं. तो खडूकडे बघायला लागला. आत्या फडकं पिळत होती, तीही थांबली. मी टेबलाला वळसा घालून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, दादा, कुठलं आतलं बटण.

तेव्हा ते बाहेर आलं, एकेक शब्द, दात उपटल्यासारखं. दादा अठरा वर्षांचा असताना बाबांनी त्याला आतल्या खोलीत नेऊन सांगितलं होतं की प्रत्येक कोटात एक बटण जास्तीचं लावायचं. डाव्या बाजूला, खाली, अस्तराच्या आत, वरून दिसता कामा नये. एखादं बटण तुटलं तर गिऱ्हाईक अडायला नको. आणि ते मास्तरने स्वतःच्या हाताने लावायचं. बाबा जन्मभर लावत आले. त्यांच्यानंतर दादा लावतो. जाकिटाला अस्तर पुरत नाही, म्हणून फक्त कोटाला.

मी म्हटलं, छान. आणि गिऱ्हाइकाला हे सांगतोस तू?

दादा म्हणाला, नाही.

"मग त्याला कळणार कसं, आत बटण आहे म्हणून?"

"लावायचं असं बाबांनी सांगितलं होतं," दादा म्हणाला. "सांगायचं असं नव्हतं सांगितलं."

मी खाली बसले. म्हणजे गेली पन्नास वर्षं या गावातला प्रत्येक कोट पोटात एक बटण घेऊन फिरतोय आणि कोणाला पत्ता नाही. लोकांची बटणं तुटतात, ते बाजारात जातात, रंग जुळत नाही म्हणून चडफडतात, आणि जुळणारं बटण त्यांच्याच मांडीवर लोंबत असतं. मी विचारलं, तुझ्या डोक्यात कधी आलं नाही का रे, की हे जरा सांगावं? तो म्हणाला, आलं होतं. पण तोवर बाबा नव्हते, विचारणार कोणाला.

आणि मग माझ्या लक्षात आलं. आतली खोली. लोटलेलं दार. पाच मिनिटं.

"म्हणजे तू आत जाऊन माझी बटणं तपासत नव्हतास?"

दादाला प्रश्नच कळला नाही. "तुझी बटणं?" तो म्हणाला. "ती कशाला तपासायची?"

अठ्ठावीस वर्षं मी ज्या रागावर जगले तो राग असा एका वाक्यात गेला, आणि त्याच्या जागी काय ठेवावं ते मला सुचेना. मला रडू आलं. रडू आलं याचाही राग आला. मी दादाला म्हटलं, तू मूर्ख आहेस. तो म्हणाला, बरं.

तेवढ्यात आत्या तिचा कोट घेऊन आली. हा तिचा निळा कोट, बाबांनी शिवलेला, आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांत बसलेला, कारण त्याचं मधलं बटण हिरवं आहे. निळं तुटलं त्याला तीस वर्षं झाली. तसं बटण मिळावं म्हणून तिने किती दुकानं पालथी घातली होती, ते आम्ही ती आली की दर वेळी ऐकतो. तिने कोट टेबलावर टाकला आणि डाव्या कोपऱ्यातलं अस्तर चाचपलं. मी बारीक कात्रीने चार टाके उसवले. आतून निळं बटण निघालं, कोरं करकरीत.

आत्याने ते तळहातावर घेतलं. तिला बोलताच येईना, आणि आत्याला बोलता येत नाही हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. मग तिने बाबांना, म्हणजे तिच्या सख्ख्या भावाला, जो वीस वर्षांपूर्वी गेलाय, असं काही झापलं की आम्ही दोघं भिंतीला टेकलो. शेवटी पदराला डोळे पुसले आणि बटण मुठीत घट्ट धरून खुर्चीत बसली. दुपारपर्यंत तिने काहीही पुसलं नाही.

मी खडू उचलला. या वेळी मोठ्याने बोलत केलं, दादाला ऐकू जाईल असं. कोटाला सात नव्हे, आठ. जाकिटाला पाच. तिसांना जाकिटं घातली तर दीडशे. उरली एक्कावन्न. कोटाला जाकिटापेक्षा तीन जास्त. एक्कावन्नात तीन किती वेळा?

दादा बोटांवर मोजायला लागला. सहाव्या बोटाला त्याचा गोंधळ उडाला.

"सतरा," मी म्हटलं. "सतरा कोट, तेरा जाकिटं. सतरा आठे एकशे छत्तीस, तेरा पाचे पासष्ट. दोनशे एक."

तो टेबलाकडे बघत राहिला. आणि तो व्हायोलिनवाला, त्याने विचारलं, सव्विसावा? त्याला जाकीट, मी म्हटलं, दोन्ही हात मोकळे. दादाला ते पटलं, पण त्या अर्ध्या कोटाचं त्याला वाईट वाटलं. रेघ फार छान आली होती.

मग पैजेवरून वाजलं. दादा म्हणाला, आधीचं उत्तर चुकलं होतं, म्हणजे चुकलंच. मी म्हटलं, उत्तर चुकलं नव्हतं, तू बटण लपवलं होतंस; ज्याने बातमी दडवली त्याने उत्तराला नावं ठेवायची नाहीत. तो म्हणाला, सतराही बरोबर आहे कशावरून? मी म्हटलं, ट्रायलला कळेल, पण बेतायचं आज आहे, आणि माझ्या आकड्यावर तू बेतणार असशील तर मीच बेतते. चुकलं तर माझ्या हाताने चुकू दे.

खुंटीवरची कात्री दादाने काढली, पाती बाहीला पुसली, आणि काळी मूठ माझ्याकडे करून पुढे धरली. मी ती घेतली आणि पहिली चिठ्ठी टेबलावर ठेवली. कात्री वाटली होती त्यापेक्षा जड निघाली.

ते तीन आठवडे कसे गेले ते माझं मला माहीत. दिवसा बेतायची आणि जेवताना घासागणिक सतरा म्हणायची. सतराऐवजी अठरा असले तर? एक माणूस कोट मागेल आणि मी त्याला जाकीट देईन, आणि पुन्हा कधी मागणार नाही असं मी बोलून बसले होते. आत्याने मुक्काम वाढवला. म्हणाली निकाल बघूनच जाईन, जशी काही परीक्षेला तीच बसली होती. टेबल पुसायच्या आधी आता ती विचारायची, हे लिहिलंय ते कामाचं आहे का.

ट्रायलच्या दिवशी तीसच्या तीस जण आले, दुकानात मावेनात म्हणून निम्मे पायऱ्यांवर. कपडे सगळे कच्च्या टाक्यांवर, बटणं अजून खोक्यात. बँडमास्तर टेबलापाशी आला आणि त्याने ती कातडी वही काढली. माझ्या हातात कात्री होती, मी ती खाली ठेवायला विसरले होते. त्याने अंगठा ओला करून पान उलटलं. एवढ्या सावकाश पान उलटणारा माणूस मी पाहिला नाही.

"कोट," तो म्हणाला, "सतरा. जाकिटं तेरा."

दादाने एक ते सतरा कोट काढून दिले. सगळे बसले. बाराव्या चिठ्ठीवाल्याचा खांदा थोडा ओढत होता, तिथे मी लगेच खडूने खूण करून घेतली. व्हायोलिनवाल्याने जाकीट घातलं, दोन्ही हात वर करून पाहिले आणि म्हणाला, वा. दादा त्याच्याकडे जरा हळहळून बघत होता.

मग बँडमास्तरचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. त्याने कात्री पाहिली, मला पाहिलं, टेबलावरचा बेतलेला कपडा पाहिला, आणि त्याला जुनं बोलणं आठवलं. तो हसला. मागच्या चारजणांना आठवलं, तेही हसले.

"काय हो मास्तर," तो दादाला म्हणाला, "विचारायला आलात तर कात्री बहिणीला देणार होतात. तुम्ही तर आला नाहीत विचारायला."

मी दादाकडे पाहिलं नाही. टेप गोळा करायला लागले.

"विचारलं की," दादा म्हणाला. "हिला विचारलं. आता मास्तर हीच आहे, खांद्याचं काय ते तिला सांगा."

कोणी हसलं नाही. बँडमास्तरने वही मिटली आणि खरोखरच माझ्याकडे वळून, तुम्ही म्हणत, त्या बाराव्या कोटाच्या खांद्याबद्दल विचारलं. मी काहीतरी उत्तर दिलं, काय ते आठवत नाही.

सगळे गेले. आत्या पायऱ्या झाडायला गेली. दादा टेबलापाशी तसाच उभा, हातांना काम नाही म्हणून त्यांचं काय करावं ते न कळून. मी फळीवरचा खोका काढला आणि त्याच्यापुढे ठेवला, वर सुई आणि दोऱ्याचं रीळ ठेवलं.

"बस," मी म्हटलं. "दोनशे एक आहेत. मी तपासणार नाही."